तीन गुंठ्यांत वर्गसमीकरण

कात्रज - दहावीच्या बीजगणितातील वर्गसमीकरणे म्हणजे सूत्र पाठ करून किमती भरणे, असा समज विद्यार्थ्यांमध्ये रूढ आहे. सूत्रामागील युक्ती मात्र जमिनीच्या तुकड्यावरही दाखविता येते. कात्रज परिसरात जागेची भाषा गुंठ्यांची. तेथूनच आरंभ करणे सोयीचे.

एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाजूचा चौरस, अर्थात १०८९ चौरस फूट. समजा, तीन गुंठ्यांच्या आयताकृती भूखंडाची लांबी रुंदीपेक्षा ६६ फुटांनी अधिक आहे. रुंदी 'क्ष' मानल्यास समीकरण होते : क्षचा वर्ग + ६६ क्ष = ३२६७. अवयव पाडायचे, तर गुणाकार ३२६७ आणि फरक ६६ असलेल्या दोन संख्या हव्यात. त्या ९९ आणि ३३. पण त्या सुचेपर्यंत परीक्षेतील पाच मिनिटे सहज खर्ची पडतात.

पूर्ण वर्ग पद्धतीत ही शोधाशोध नाही. कागदावर भूखंडातील क्ष बाजूचा चौरस वेगळा काढावा आणि उरलेली ६६ फुटांची पट्टी मधोमध कापावी. ३३ फुटांच्या या दोन पट्ट्या चौरसाच्या लगतच्या दोन बाजूंना लावल्या, की मोठा चौरस जवळजवळ तयार होतो. उणा राहतो तो एक कोपरा : ३३ गुणिले ३३, म्हणजे नेमका एक गुंठा! तो भरला, की तीनाचे चार गुंठे होतात. चार गुंठ्यांच्या चौरसाची बाजू ६६ फूट; म्हणून क्ष + ३३ = ६६ आणि रुंदी ३३ फूट. क्षच्या सहगुणकाची निमपट करून तिचा वर्ग का मिळवायचा, याचे उत्तर त्या कोपऱ्यात आहे. क्षेत्रफळ ३००० चौरस फूट असते, तर पूर्णांकी अवयव पडलेच नसते. कोपरा भरण्याची रीत तेव्हाही चालते आणि रुंदी सुमारे ३१ फूट येते.

समीकरणाचे दुसरे उत्तर उणे ९९. रुंदी ऋण नसते, म्हणून ते सोडावयाचे. मात्र केवळ चिन्ह पाहून निवाडा करणे फसवे ठरते. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात ज्यांच्या घराण्याची माहिती कोरलेली आहे, त्या भास्कराचार्यांच्या (जन्म इ. स. १११४) 'बीजगणित' ग्रंथात वानरांची दोन उदाहरणे आहेत. एकात कळपाच्या अष्टमांशाचा वर्ग वनात रमला आहे आणि १२ वानर टेकडीवर आहेत. कळप ४८ किंवा १६ वानरांचा, आणि दोन्ही उत्तरे ग्राह्य. दुसऱ्यात पंचमांशातून तीन वजा करून येणाऱ्या संख्येचा वर्ग गुहेत शिरला, एक वानर फांदीवर दिसला. उत्तरे ५० आणि ५. पाचाचा पंचमांश एक. त्यातून तीन वजा केल्यास उणे दोन उरतात. म्हणून ५ ही धन संख्या असूनही भास्कराचार्यांनी ती स्वीकारली नाही.