संशोधन अनुदानाचे प्रस्ताव : नियम, मुदती आणि वर्धा जिल्ह्यातील महाविद्यालयीन शिक्षक

प्रस्तावना :
संशोधन प्रस्ताव नामंजूर होण्याचे कारण दर वेळी विषयाच्या दुबळेपणात असतेच असे नाही. अग्रेषण पत्राचा अभाव, अपुरी जोडपत्रे किंवा उलटून गेलेली मुदत यांमुळे अनेक प्रस्ताव तज्ज्ञ समितीपुढे जाण्यापूर्वीच प्राथमिक छाननीत बाद होतात. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगांचे कार्य उभारणाऱ्या जे. सी. कुमारप्पा यांच्या अध्यक्षतेखाली मध्य प्रांत व वऱ्हाडच्या औद्योगिक पाहणी समितीने १९३९ मध्ये अहवाल सादर केला. खेड्यांची प्रत्यक्ष पाहणी हा त्याचा पाया होता. अशा स्थानिक अभ्यासाची परंपरा पुढे चालवायची असेल, तर महाविद्यालयीन शिक्षकाला अनुदानाचे नियमही तितकेच अवगत असणे आवश्यक ठरते. प्रस्तुत लेखात या नियमांचे व मुदतींचे विवेचन केले आहे.

पार्श्वभूमी :
विद्यापीठ अनुदान आयोगाची लघु व बृहत् संशोधन प्रकल्प योजना ही दीर्घकाळ महाविद्यालयीन शिक्षकांचा मुख्य आधार होती. अकराव्या पंचवार्षिक योजनेत (२००७-१२) लघु प्रकल्पाची मर्यादा विज्ञान विषयांसाठी २ लाख व मानव्यविद्यांसाठी दीड लाख रुपये होती; बाराव्या योजनेत (२०१२-१७) ती अनुक्रमे ५ लाख व ३ लाख रुपये झाली. महाराष्ट्रातील महाविद्यालयांचे लघु प्रकल्प आयोगाच्या पुणे येथील पश्चिम विभागीय कार्यालयामार्फत हाताळले जात. पीएच.डी. नसलेल्या शिक्षकांनाही हा मार्ग खुला होता, म्हणूनच अनेकांच्या संशोधनाचा प्रारंभ त्यातून झाला.

३१ मार्च २०१७ रोजी बारावी योजना संपली व पंचवार्षिक योजनांची पद्धतही संपुष्टात आली. पुढे ५ सप्टेंबर २०२२ रोजी आयोगाने नव्या योजना जाहीर केल्या. त्यांपैकी नवनियुक्त शिक्षकांसाठी असलेल्या डॉ. डी. एस. कोठारी संशोधन अनुदानाची रक्कम १० लाख रुपये ठेवण्यात आली. विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळाचे कार्य अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनकडे गेले. त्याचा कायदा २०२३ चा असून तो ५ फेब्रुवारी २०२४ पासून अमलात आला. सामाजिक शास्त्रांसाठी १९६९ मध्ये स्थापन झालेली भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद हा प्रमुख पर्याय आहे.

पात्रतेची तपासणी :
पात्रता दुहेरी असते : शिक्षकाची आणि संस्थेची. आयोगाच्या अनुदानासाठी महाविद्यालय १९५६ च्या कायद्यातील कलम २(फ) व १२(ब) अन्वये मान्यताप्राप्त असणे ही मूलभूत अट राहिली आहे. शिक्षकाच्या बाबतीत नियुक्तीचे स्वरूप, वय, शैक्षणिक अर्हता आणि निवृत्तीस उरलेला काळ पाहिला जातो. नव्या योजनांत पीएच.डी.ची अपेक्षा वाढली आहे. त्यामुळे केवळ नेट किंवा एम.फिल. असलेल्या शिक्षकाने विषय निवडण्याआधी पात्रतेचे कलम वाचावे. जुन्या प्रकल्पाचा अहवाल वा हिशेब प्रलंबित असल्यास नवा प्रस्ताव अडतो, हेही ध्यानात ठेवावे.

मुदतीचा खरा अर्थ :
जाहिरातीत छापलेली अंतिम तारीख ही साखळीतील शेवटची कडी होय. तिच्याआधी विभागप्रमुख, संशोधन समिती व प्राचार्य यांच्या हातून कागद पुढे जावा लागतो. काही ठिकाणी संस्थाचालकांची संमतीही लागते. ऑनलाइन अर्जानंतर संस्थेच्या अग्रेषणासह छापील प्रत मागविली असेल, तर मुदती दोन होतात. डाकेत टाकल्याची तारीख ग्राह्य की कार्यालयात पोहोचल्याची, हे सूचनेतच पाहावे.

मानवी सहभाग असलेल्या आरोग्यविषयक संशोधनास भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार नैतिकता समितीची पूर्वमंजुरी लागते. अशी समिती ज्या संस्थेत नाही, तिला दुसऱ्या संस्थेच्या समितीशी करार करता येतो. या बैठका संशोधकाच्या सोयीने होत नाहीत. दिवाळीच्या सुट्या व विद्यापीठाच्या परीक्षा विचारात घेता, अंतिम तारखेपूर्वी किमान सहा आठवडे मसुदा पूर्ण करणे व दहा दिवस आधी स्वाक्षऱ्या मिळविणे हितावह ठरते.

अंदाजपत्रक :
अंदाजपत्रकातील प्रत्येक आकडा संशोधन पद्धतीतून निघावा. उदाहरणार्थ, वर्धा जिल्ह्याच्या आठही तालुक्यांतून प्रत्येकी तीन गावे व प्रत्येक गावातील २० कापूस उत्पादक कुटुंबे निवडल्यास २४ गावे व ४८० मुलाखती होतात. एका क्षेत्र-अन्वेषकाने दिवसाला चार मुलाखती घेतल्या, तरी १२० कार्यदिवस लागतात. दोन अन्वेषक नेमल्यास हे काम प्रत्येकी ६० दिवसांचे होते. कापूस वेचणीच्या हंगामात शेतकरी दिवसा शेतात असतो; त्यामुळे मुलाखती सायंकाळी घ्याव्या लागतात आणि दैनिक संख्या घटते. असा हिशेब मांडला की प्रवास व मानधनाची रक्कम समितीस पटते. ठोक रक्कम लिहिल्यास तिच्यात कपात होण्याचा संभव वाढतो.

मंजुरीनंतरच्या मुदती :
अनुदान मिळाल्यावर मुदतींचा दुसरा टप्पा सुरू होतो. आयोगाच्या लघु प्रकल्पात पुस्तके व उपकरणांची संपूर्ण रक्कम आणि आवर्ती खर्चाची निम्मी रक्कम पहिल्या हप्त्यात येत असे. उर्वरित रक्कम हिशेब व अहवालावर अवलंबून असे. केंद्र शासनाच्या सामान्य वित्तीय नियम २०१७ मधील नियम २३८ नुसार आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागते. त्यासाठी नमुना १२-अ विहित आहे. अनुदानावर मिळालेले व्याज शासनाच्या संचित निधीत जमा करावे लागते. म्हणून मूळ देयके, साठा नोंदवही व बँक विवरण पहिल्या दिवसापासून जपावे. वर्षअखेरीस सनदी लेखापालाकडे धाव घेऊन हरवलेली पावती परत मिळत नाही.

समारोप :
नियमांचे पालन म्हणजे संशोधनाची गुणवत्ता नव्हे, हे खरे. परंतु गुणवत्ता समितीपुढे पोहोचण्याचा मार्ग नियमांतूनच जातो. लघु प्रकल्पाचा सोपा दरवाजा मिटल्यानंतर ग्रामीण महाविद्यालयातील शिक्षकापुढे संधी कमी व स्पर्धा अधिक आहे. प्रत्येक महाविद्यालयाने जून महिन्यातच अनुदानाच्या मुदतींचे वार्षिक वेळापत्रक तयार करावे आणि संस्थेची मान्यतापत्रे, लेखापरीक्षण अहवाल व अग्रेषणाचा नमुना एकत्र ठेवावा. एवढ्या व्यवस्थेने शिक्षकाचा कागदपत्रांमागे जाणारा वेळ वाचेल आणि गावातील प्रश्नाचा अभ्यास केवळ एका स्वाक्षरीअभावी राहून जाणार नाही.