मालवणात उतरावे कोठे?

म्हैसूरहून कावेरीकाठच्या सोसले गावी जाणाऱ्या माध्व भक्ताला उतरावयाचे कोठे, हा प्रश्न सहसा पडत नाही. तेथे व्यासराज मठ आहे. चौकशी मठातच करावयाची आणि मिळेल ती जागा गोड मानावयाची. पंढरपूर, नाशिक, गाणगापूर येथेही आपल्या आजोबा-पणजोबांची रीत हीच होती. क्षेत्रोपाध्यायाच्या वहीत घराण्याचे नाव असे आणि त्याच्या ओसरीवर वळकटी टाकली की बिऱ्हाड थाटले जाई. मुक्काम निवडण्याची विद्या आपल्याला कधी शिकावीच लागली नाही. म्हणूनच की काय, देवदर्शनाऐवजी समुद्रकाठचे एखादे ऐतिहासिक गाव पाहावयास निघालेले कुटुंब रेल्वेची तिकिटे दोन-दोन महिने आधी काढते आणि मुक्कामाची जागा मात्र एखादे सुंदर छायाचित्र पाहून ठरवून टाकते.

आम्हीही तसेच केले होते, म्हणून हे लिहिण्याचा अधिकार आहे असे वाटते.

गाव होते मालवण. वडिलांनी तीस वर्षे प्राथमिक शाळेत चौथीच्या मुलांना शिवचरित्र शिकविले. कुरटे बेटावर १६६४ च्या नोव्हेंबरात महाराजांनी किल्ल्याचा पाया घातला आणि तीन वर्षांत सिंधुदुर्ग उभा राहिला, हे त्यांनी फळ्यावर किती वेळा लिहिले असेल, त्याची गणती नाही. पण किल्ला त्यांनी पाहिला नव्हता. निवृत्तीनंतर त्यांना घेऊन जावयाचे ठरले, आणि आम्ही जागा घेतली ती गावाच्या दक्षिणेस बऱ्याच अंतरावर, माडांच्या बनातील एका निवासात. जागा खरोखरच रम्य होती. पाण्यात पाय सोडून बसावे इतका समुद्र जवळ. परंतु सकाळी न्याहारीला उशीर झाला, रिक्षा मिळावयास आणखी उशीर झाला, आणि धक्क्यावर पोहोचेपर्यंत ऊन डोक्यावर आले. दुपारी वारा वाढला. लाटा उसळू लागल्या आणि होड्या थांबल्या. वडील धक्क्याच्या कठड्यावर बसून समोरच्या तटाकडे पाहत राहिले. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्हाला परतीच्या गाडीसाठी निघणे भाग होते.

दोष कोणाचा? निवासाचा नव्हे, वाऱ्याचाही नव्हे. आम्ही मालवणला कशासाठी आलो आहोत, हे जागा निवडताना आम्ही स्वतःलाच विचारले नव्हते.

वाचकहो, मालवणची रचना ध्यानात घेतली तर ही निवड सोपी होते. बाजारपेठेला लागूनच बंदराचा धक्का आहे आणि सिंधुदुर्गाच्या होड्या तेथूनच सुटतात. पाण्यावरचा प्रवास पाव तासाचा. पण किल्ल्याला मुक्कामाची सोय नसल्याने परतावे लागतेच. तट सुमारे तीन किलोमीटरचा. दोन बुरुजांच्या वळणात लपविलेले महाद्वार, चुन्यात उमटलेले महाराजांच्या हाताचे व पायाचे ठसे, राजाराम महाराजांनी १६९५ मध्ये बांधविलेले शिवराजेश्वराचे मंदिर, चहूकडे खारे पाणी असताना गोड्या राहिलेल्या दूधबाव, दहीबाव व साखरबाव या तीन विहिरी. हे सारे शांतपणे पाहावयाचे तर दोन-अडीच तास हवेत, आणि ते सकाळचेच हवेत. दुपारी आत सावली थोडी आणि परतीचा समुद्र बहुधा सकाळपेक्षा उग्र.

म्हणून ज्यांच्या मनात किल्ला आहे, आणि विशेषतः ज्यांच्याबरोबर वडीलधारी माणसे आहेत, त्यांनी गावातच उतरावे. मेढा, धुरीवाडा किंवा बाजाराच्या आसपासच्या गल्ल्यांत जांभ्या दगडाची, कौलारू, पुढे खळे आणि मागे विहीर असलेली घरे आहेत. त्यांतील काही कुटुंबे एक-दोन खोल्या पाहुण्यांना देतात. समुद्र खिडकीतून दिसत नाही, हे खरे. पण चिवला किनारा धुरीवाड्यालाच लागून आहे आणि सकाळी सातला चहा घेऊन निघाले तर धक्का पायी गाठता येतो. संध्याकाळी मासळीचा लिलाव पाहावा, बाजारातून कोकम-काजू घ्यावे, थकलेल्या मंडळींनी घरी परतावे आणि तरुणांनी हवे तितके भटकावे. कोणाला कोणासाठी अडून बसावे लागत नाही.

ज्यांना किल्ला एकदा पाहून झाला आहे, किंवा लहान मुलांना वाळूत मनसोक्त खेळू द्यावयाचे आहे, त्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी सहा-सात किलोमीटरवरच्या तारकर्लीस जावे. तेथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थानही आहे. त्याच्याही पुढे देवबाग. एका बाजूस कर्ली नदी, दुसऱ्या बाजूस समुद्र आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. सूर्योदय नदीवर, सूर्यास्त समुद्रात! मात्र तेथे रात्री औषधाची गोळी लागली तरी वाहन हवे, हे विसरू नये.

जागा ठरविताना यजमानाला विचारावयाचे प्रश्न आपण बहुधा चुकीचेच विचारतो. ‘समुद्र दिसतो का’ हा पहिला प्रश्न असतो. त्याआधी विचारावे की एप्रिल-मे महिन्यांत विहिरीचे पाणी गोडे राहते का. किनाऱ्यालगतच्या विहिरी त्या दिवसांत मचूळ होतात. खोली तळमजल्यावर आहे का आणि शौचालयास पायऱ्या किती, हे गुडघे दुखणाऱ्या आईच्या वतीने विचारावे. जेवण घरचे आहे का व त्याची वेळ कोणती, हेही. मासे न खाणाऱ्यांनी आधी सांगितले तर घावणे, आंबोळ्या, काळ्या वाटाण्याची उसळ आणि सोलकढी असा पाहुणचार होतो की सुरमईची आठवणही येऊ नये. पण ताटावर बसल्यावर सांगितले तर गृहिणीची फजिती होते.

आणखी एक प्रश्न आहे, तो विचारावयास संकोच वाटतो: सांडपाणी कोठे जाते? सिंधुदुर्गाभोवतीचे पाणी १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. त्या पाण्यात प्रवाळ आहेत, आणि कोळी कुटुंबांचे पोटही त्याच्यावर आहे. हजारो पाहुण्यांच्या स्नानाचे आणि स्वयंपाकाचे पाणी जर ओहोळातून तेथेच जाऊन मिळाले, तर पाहावयास आलो तेच आपण नासविले असे होईल. शोषखड्डा आहे, असे अभिमानाने दाखविणारा यजमान आम्हाला भेटला आहे. असा प्रश्न चार पाहुण्यांनी विचारला की पाचव्या घरी खड्डा खणला जातो.

काळवेळही पाहावी. पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या बंद असतात आणि जून-जुलैत यांत्रिक नौकांच्या मासेमारीसही बंदी असते. तेव्हा जाणाऱ्याने पाऊस पाहण्यासाठीच जावे. नाताळ आणि मे महिना यांची गर्दी सर्वांना ठाऊक असते. पण परप्रांतीय वाचकांना फसविते ती आंगणेवाडीची जत्रा. भराडी देवीच्या या जत्रेचा दिवस पंचांगात छापलेला नसतो. तो दरवर्षी देवीचा कौल घेऊन ठरतो, बहुधा फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. त्या दिवसांत लाखो माणसे लोटतात आणि मालवण-कणकवलीपर्यंत ओसरीसुद्धा रिकामी मिळत नाही. त्या सुमारास जावयाचे असेल तर यजमानाला आधी जत्रेची तारीख विचारावी.

मुंबईकडून वा मंगळूरकडून येणाऱ्यांना कोकण रेल्वेचे कुडाळ स्थानक सोयीचे. तेथून मालवण सुमारे तीस किलोमीटर. बेळगावकडून येणारे आंबोली घाट उतरून सावंतवाडीमार्गे येतात. रात्री पोहोचणार असाल तर तसे आधी कळवावे. घरगुती जागेत दार उघडावयास पहारेकरी नसतो. घरातलेच कोणी जागे राहते.

वडिलांना घेऊन आम्ही पुन्हा गेलो ते तीन वर्षांनी. या वेळी बंदराजवळच्या गल्लीतील एका घरी उतरलो. खोली साधीच होती, पंखा आवाज करीत असे. यजमानीणबाईंनी पहाटे दार वाजवून सांगितले, ‘वारो पडलोसा, आताच जावा.’ साडेआठला आम्ही महाद्वारात होतो. आत शिरल्यावर वडिलांनी चपला काढून हातात घेतल्या. पुढे कितीतरी वेळ ते आमच्याशी बोलले नाहीत; पण शाळेच्या सहलीची काही मुले तटावर चढत होती, त्यांना थांबवून त्यांनी पायाचा दगड कसा बसविला, ते सांगावयास सुरुवात केली. परतीची होडी दोनदा सोडावी लागली.