भिंतीवरची रात्र

होस्टेलच्या भिंतींवर काय काय चिकटवलेलं असतं हे मी सांगायला नको. क्रिकेटर, बाईक, पिरिऑडिक टेबल, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री लिहिलेले फॉर्म्युले! माझ्या पलंगाच्या डोक्याशी मात्र एक जपानी चित्र आहे. काळसर निळं आकाश, उंच पाइनची झाडं, मागे मोठा चंद्र आणि खाली एका घराची पिवळी खिडकी. येणारा-जाणारा विचारतो, "हे काय रे, कॅलेंडर का?" त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून हा लेख.

गोष्ट सुरू होते लोणारला, आमच्या घरी. दिवाळीआधी वरची खोली बांधून झाली. बाबा म्हणाले, "तू शिकलेला, भिंतीवर काय लावायचं ते तूच बघ." मी लायब्ररीतल्या पुस्तकात कावासे हासुई या चित्रकाराचं 'मागोमेचा चंद्र' पाहिलं होतं. १९३० सालचं. मागोमे हे तेव्हा टोकियोच्या कडेचं शेतीचं गाव. म्हटलं, हेच लावू! इंटरनेटवरून फाइल घेतली, शहरातल्या एका दुकानात तीन फूट बाय दोन फूट चकचकीत प्रिंट मारली, काच लावून फ्रेम केली आणि एसटीत मांडीवर धरून घरी नेली.

भिंतीवर टांगली आणि... काही दिसेचना! झाडं गेली, घर गेलं, उरला एक काळा आयत. त्यात समोरची ट्यूबलाइट लख्ख दिसत होती आणि तिच्याखाली माझा पडलेला चेहरा. आई म्हणाली, "काहून रे, घरात अंधार टांगतं? देवाचं लाव, नाहीतर आपल्या सरोवराचं लाव."

एवढा खर्च करून असा पोपट झाल्यावर इंजिनिअर माणूस काय करणार? कारण शोधणार. ते शोधता शोधता कळलं की चूक चित्राची नव्हती. मी रात्र म्हणजे काळा रंग असं धरून चाललो होतो, आणि त्या प्रिंटरनंही तेच धरलं होतं!

रात्र निळी का?

आमच्या सरोवराचंच उदाहरण घ्या. पौर्णिमेला काठावरच्या रस्त्यावर उभं राहिलं की सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं ते सगळं विवर समोर असतं. आतलं जंगल गडद, पाणी फिकट, आणि पलीकडची कड आकाशात विरघळल्यासारखी. काळं असं त्यात काहीच नसतं. २०२० च्या जूनमध्ये तळं गुलाबी झालं होतं, आठवतं? पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं तपासून सांगितलं की क्षारप्रेमी सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आला. देशभर फोटो फिरले, पण ते सगळे दिवसाचे! चांदण्यात गुलाबी ओळखूच येत नाही.

याचं कारण डोळ्यात आहे. उजेडात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी काम करतात, मंद प्रकाशात दंडपेशी. दंडपेशींना लाल जवळजवळ दिसतच नाही. त्या सर्वांत जास्त संवेदनशील असतात त्या निळ्या-हिरव्या पट्ट्यात, साधारण ५०७ नॅनोमीटरला. शंकुपेशींचा उच्चांक ५५५ च्या आसपास. म्हणून अंधार पडला की लाल फूल आधी काळं पडतं आणि निळसर वस्तू उजळ वाटतात. याला पुर्किन्ये परिणाम म्हणतात. जपानी चित्रकारांनी हे पुस्तकात वाचलं नव्हतं, डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांच्या चित्रातली रात्र निळी असते ती त्यामुळेच.

हा निळा आला कुठून? चक्क बर्लिनहून! अठराव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे 'प्रशियन ब्ल्यू' हा कृत्रिम रंग तयार झाला. डच व्यापाऱ्यांमार्फत तो जपानात गेला, १८३० च्या सुमारास स्वस्त झाला आणि जपान्यांनी बर्लिनवरून त्याला 'बेरो-आई' असं नाव पाडलं. होकुसाई, हिरोशिगे यांच्या चित्रांतलं खोल आकाश आणि पाणी ही त्याची कमाल. हिरोशिगेच्या 'एडोची शंभर प्रसिद्ध दृश्यं' (१८५६-५८) या मालिकेत नाटकगृहांच्या गल्लीची एक चांदणी रात्र आहे. त्यात रस्त्यावरच्या माणसांच्या सावल्यासुद्धा पडल्या आहेत. आणि गंमत बघा, जुन्या इंजिनिअरिंग ड्रॉइंगची ब्ल्यूप्रिंट निळी दिसायची तीही याच रंगद्रव्यामुळे. म्हणजे हा रंग आपल्या सिव्हिलवाल्यांच्या घराण्यातलाच म्हणायचा!

लाकडाचे ठसे आणि जिग-फिक्श्चर

ही चित्रं ब्रशनं रंगवलेली नसतात, लाकडी ठशांनी छापलेली असतात. चित्रकार पातळ कागदावर रेखाटन करतो. कोरणारा तो कागद चेरीच्या लाकडाच्या फळीवर उलटा चिकटवतो आणि रेषा सोडून बाकीचं लाकूड काढून टाकतो. हा मुख्य ठसा. मग प्रत्येक रंगासाठी वेगळा ठसा. छापणारा ठशावर पाण्यात कालवलेला रंग आणि तांदळाची खळ ब्रशनं पसरतो, वर ओलसर कागद ठेवतो आणि बांबूच्या पानात गुंडाळलेल्या 'बारेन' नावाच्या चकतीनं पाठीमागून घासतो. हासुईच्या पिढीत एकेका चित्राला अशा तीस-तीस छापा सहज पडायच्या.

तीस वेळा कागद त्याच जागी कसा बसतो? मेकॅनिकलवाल्यांनो, कान टवकारा. प्रत्येक फळीवर दोन खुणा कोरलेल्या असतात, एका कोपऱ्यात काटकोनी खाच आणि त्याच बाजूला थोडं पुढे एक सरळ खाच. त्यांना 'केंतो' म्हणतात. कागदाचा कोपरा काटकोनात आणि कड सरळ खाचेला टेकवली की तो हलूच शकत नाही. जिग्ज अँड फिक्श्चर्समध्ये आपण लोकेटिंगचं जे तत्त्व घोकतो तेच हे. कोणी व्हायवात विचारलं तर हे उदाहरण द्या, मास्तर खूश होतील!

रात्रीसाठी खरी करामत आहे 'बोकाशी'ची. ठशाचा काही भाग ओला करून त्यावर रंग असा पसरवायचा की वरून गडद निघालेला निळा खाली येता येता फिका होत संपावा. आकाशावर अशा दोन-तीन छापा एकावर एक पडल्या की अंधाराला खोली येते. म्हणजे रात्र कोरलेली नसते, ती छापताना बनते. याचा सर्वांत मोठा पुरावा हिरोशी योशिदाचा. १९२६ मध्ये त्यानं शिडाच्या होड्यांचं एकच चित्र सहा वेगळ्या वेळांचं केलं. सकाळ, दुपारआधी, दुपार, धुकं, संध्याकाळ आणि रात्र. ठसे तेच, फक्त रंग बदलले!

हा योशिदा आपल्याकडेही येऊन गेलाय बरं का. १९३०-३१ च्या हिवाळ्यात तो मुलगा तोशीला घेऊन भारतात फिरला आणि त्यातून छापचित्रांची एक मालिका झाली. ताजमहालाच्या रात्रीचं चित्र त्यात आहे, आणि आपलं अजिंठा आणि वेरूळसुद्धा आहे. लोणारला मात्र त्याची पायधूळ लागली नाही, याची मला अजून हळहळ वाटते.

मग माझी प्रिंट काळी का झाली?

पहिलं कारण, मॉनिटर स्वतः प्रकाश टाकतो, कागद फक्त आलेला प्रकाश परत पाठवतो. स्क्रीनवर गडद निळ्याच्या दहा छटा वेगळ्या दिसतात, चार शाईंच्या मशीनवर त्या एकाच काळ्यात बुडतात. बोकाशी मेली की रात्र मेली.

दुसरं कारण काच. साध्या काचेचा एक पृष्ठभाग समोरून येणारा सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित करतो, दोन पृष्ठभाग मिळून जवळजवळ ८. पांढऱ्या चित्रावर हे जाणवत नाही. पण गडद निळी शाई स्वतःच फार थोडा प्रकाश परत पाठवते, त्यामुळे ट्यूबलाइट जिंकते आणि चित्र हरतं.

तिसरं कारण माझी हाव. या चित्रांचा नेहमीचा आकार 'ओबान', म्हणजे साधारण ३८ बाय २५ सेंटिमीटर. ही हातात धरून बघायची चित्रं. हिरोशिगेच्या काळात ती नूडल्सच्या वाटीच्या आसपासच्या किमतीत विकली जायची. ती तीन फुटांना ताणली की रेषा जाड होतात आणि नाजूकपणा जातो. आणि सांगायची गोष्ट म्हणजे, ओबान आपल्या ए-थ्री कागदात आरामात मावतो!

कुणाला लावायचं असेल तर

अस्सल जुनी छापचित्रं आपल्या खिशाबाहेरची. टोकियोची अदाची ही संस्था आजही हिरोशिगेची चित्रं नव्यानं कोरून हातानं छापते, तीही आपल्यासाठी महागच. पण न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमनं २०१७ पासून कॉपीराइट संपलेल्या चित्रांच्या मोठ्या फाइल्स मोफत दिल्या आहेत, हिरोशिगे त्यात भरपूर आहे. भारतीय कायद्यानं कॉपीराइट चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं असतो. योशिदा १९५० ला गेला, हासुई १९५७ ला. म्हणजे तिथेही आता अडचण नाही.

फाइल मिळाली की गडद छटा थोड्या उजळ करून घ्या. आधी पोस्टकार्डाएवढी चाचणी प्रिंट काढा. कागद मॅट घ्या, ग्लॉसी नको. भोवती पांढरा समास सोडा, त्याच्या शेजारी निळा खुलतो. खिडकी किंवा ट्यूबलाइटच्या बरोबर समोर टांगू नका, बाजूच्या भिंतीवर लावा. थेट ऊन लागेल अशा जागी तर नकोच, साध्या इंकजेटची शाई आपल्याकडच्या उन्हात उडते.

हे सगळं पाळून संक्रांतीला ए-थ्री प्रिंट घेऊन घरी गेलो. या वेळी काहीच न बोलता जिन्याजवळच्या भिंतीवर लावली.

आमचं शेत मेहकर रस्त्याकडे आहे. शेतीची लाइन कधी दिवसा असते, कधी रात्री. त्या आठवड्यात रात्रीची होती. बाबा जेवून, कानटोपी घालून, बॅटरी घेऊन गव्हाला पाणी द्यायला गेले. थंडी, ओला बांध, विंचूकाट्याची भीती. आई अशा रात्री झोपत नाही. ओट्यावरचा बल्ब चालू ठेवते आणि कामं उकरून काढते.

साडेअकराला पाणी प्यायला उठलो तर ती चित्रासमोर उभी. तिनं त्या पिवळ्या खिडकीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "या घरचंही कोणी बाहेर गेलेलं दिसते."

मी तीन महिने दंडपेशी, शाई आणि काच यांचा अभ्यास करत होतो. मला ती खिडकी म्हणजे निळ्यासमोरचा विरोधी रंग एवढीच कळली होती.

बाबा दोनला आले. ओट्यावरचा बल्ब बंद झाला. चित्र अजून तिथेच आहे, देवाच्या फोटोशेजारी. त्याच प्रिंटची दुसरी प्रत माझ्या पलंगाच्या डोक्याशी. तेव्हा पुढच्या वेळी "कॅलेंडर का?" असं विचारू नका. बसा दोन मिनिटं, ट्यूबलाइट बंद करा, टेबललॅम्प लावा आणि बघा. तुमच्या घरची कुठली ना कुठली खिडकी त्यात सापडेल!

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी