प्युरिटन प्रजासत्ताकाचे परराष्ट्रधोरण

३० जानेवारी १६४९ रोजी पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद झाला आणि लवकरच इंग्लंडमध्ये प्रजासत्ताकाची स्थापना झाली. युरोपातील राजदरबारांच्या दृष्टीने हे राज्य राजहत्या करणाऱ्यांचे होते. त्याचा प्रतिनिधी डोरिस्लाउस त्याच वर्षी हेग येथे व दूत ॲशम १६५० मध्ये माद्रिद येथे राजपक्षीयांच्या हातून मारला गेला. या राजवटीच्या परराष्ट्रधोरणाचा विचार करताना ही असुरक्षितता प्रथम ध्यानात घ्यावी लागते.

हे धोरण केवळ धर्मप्रेरित होते, असे म्हणता येत नाही. तसे असते तर स्वधर्मीय डचांशी युद्ध उद्भवले नसते. १६५१ मध्ये उभय प्रजासत्ताकांच्या निकट संयोगाची वाटाघाट फसली आणि त्याच वर्षी नौकानयन कायदा संमत झाला. आशिया, आफ्रिका व अमेरिका येथील माल इंग्रजी जहाजांतूनच आणावा, असे बंधन त्याने घातले. डचांच्या वाहतूक-व्यापारावर हा सरळ आघात होता. १६५२ मध्ये युद्ध पेटले.

१६५३ च्या अखेरीस ‘लॉर्ड प्रोटेक्टर’ झालेल्या क्रॉमवेलने १६५४ मध्ये डचांशी तह केला. मात्र ऑरेंज घराण्याला सत्तेपासून दूर ठेवण्याचे वचन त्याने हॉलंड प्रांताकडून घेतले. कारण ते घराणे स्ट्यूअर्टांचे आप्त होते. त्याच वर्षीच्या पोर्तुगालशी झालेल्या तहाने पोर्तुगीजांच्या पौर्वात्य वसाहतींशी व्यापार करण्याची मुभा इंग्रजांना मिळाली.

धर्मभावना मात्र लटकी नव्हती. १६५५ मध्ये पीडमाँटमधील वॉल्डेन्सियनांची कत्तल होताच क्रॉमवेलने निषेध नोंदविला. त्याची लॅटिन पत्रे कवी मिल्टनने सिद्ध केली. तथापि कॅथलिक स्पेनविरुद्धच्या लढ्यात त्याने कॅथलिक फ्रान्सचेच साहाय्य घेतले, आणि स्ट्यूअर्टांचा तेथील आश्रयही त्यामुळे संपुष्टात आला. १६५५ मध्ये हिस्पॅनिओलावरील स्वारी फसली, परंतु जमेका हाती आले. १६५८ मध्ये डंकर्क मिळाले.

या पराक्रमाचे मोल जबर होते. आरमार व सैन्य यांच्या खर्चाने राज्य कर्जात बुडाले आणि १६६० मध्ये राजसत्ता परतली. तिने १६६२ मध्ये डंकर्क विकले. पण जमेका सोडले नाही आणि नौकानयन कायदाही नव्याने संमत करून घेतला. प्रजासत्ताक लयाला गेले. त्याने आखलेली सागरी वाट राजसत्तेने आपलीशी केली.