टका, रुपया आणि कांदा : विंचूरहून ढाक्याकडे पाहताना होणारे गैरसमज

लासलगाव कृषी उत्पन्न बाजार समितीचे उपबाजार आवार असलेल्या विंचूरमध्ये (ता. निफाड, जि. नाशिक) बांगलादेशाचे नाव निघते ते बहुधा कांद्याच्या लिलावाच्या निमित्ताने, कारण भारतीय कांद्याच्या सर्वांत मोठ्या ग्राहकांपैकी हा देश एक आहे आणि तेथे भाव चढला की ती वार्ता व्यापाऱ्यांच्या खळ्यांवर, म्हणजे खरेदी केलेला कांदा निवडून गोण्यांत भरला जातो त्या आवारांत, लगोलग पोहोचते. कांद्याच्या भावापासून सुरू झालेली ही तुलना पुढे मजुरी, गॅस, किराणा आणि एकूण राहणीमानापर्यंत जाते आणि तेथे तीत अनेक गैरसमज शिरतात. त्यांतले काही निव्वळ आकडेमोडीचे असून काहींच्या मुळाशी आपल्याच देशातील किमती कशा ठरतात याचे अज्ञान असते. दुसऱ्या प्रकारचे गैरसमज अधिक चिवट असतात.

सर्वांत जुना समज असा की, एका रुपयाला एकाहून अधिक टका मिळतात, म्हणून बांगलादेशात सारे काही स्वस्त असले पाहिजे. मार्च 1972 मध्ये टका हे चलन आले तेव्हा त्याचा दर भारतीय रुपयाच्या बरोबरीने ठेवण्यात आला होता. 2022 च्या आरंभी एका रुपयाला सुमारे 1.15 टका मिळत होते आणि 2023 च्या अखेरीस हे प्रमाण 1.32 च्या आसपास गेले. चलनाच्या एककाचा आकार हा इतिहासाचा आणि धोरणाचा परिणाम असतो आणि त्यावरून किमतींच्या पातळीबद्दल काहीही सिद्ध होत नाही. तसे असते तर जपानी येन रुपयाहून लहान असल्यामुळे टोकियो हे विंचूरपेक्षा स्वस्त शहर ठरले असते. उलट टका घसरला तेव्हा बांगलादेशाला खाद्यतेल, इंधन आणि डाळी यांसाठी अधिक टका मोजावे लागले, म्हणजे ज्या घसरणीमुळे भारतातून पाहणाऱ्याला ढाका स्वस्त वाटू लागले, त्याच घसरणीने ढाक्यातील गृहिणीचा किराणा महागला. नेपाळच्या बाबतीत हा घोळ थोडा कमी होतो, कारण तेथील चलन 1993 पासून एका भारतीय रुपयाला 1.60 नेपाळी रुपये या दराशी बांधलेले आहे आणि सीमेवरचा दुकानदारही हा हिशेब तोंडी करतो; टका मात्र असा रुपयाशी बांधलेला नसल्याने तुलना कोणत्या महिन्याची आहे, हे आधी सांगावे लागते.

दुसरा गैरसमज वर्तमानपत्रांतून आला. ऑक्टोबर 2020 मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने त्या वर्षासाठी बांगलादेशाचे दरडोई सकल देशांतर्गत उत्पादन, म्हणजे देशात वर्षभरात निर्माण झालेल्या वस्तू व सेवांचे मूल्य भागिले लोकसंख्या, 1,888 डॉलर आणि भारताचे 1,877 डॉलर असेल असा अंदाज वर्तवला, आणि त्यावरून सामान्य बांगलादेशी माणूस सामान्य भारतीयाहून सुखवस्तू झाला असा निष्कर्ष काहींनी काढला, तर काहींनी हा आकडाच खोटा ठरवला. दोन्ही प्रतिक्रिया चुकीच्या होत्या. तो आकडा चालू विनिमय दराने डॉलरमध्ये रूपांतर करून काढलेला होता, आणि विनिमय दर ठरतो तो प्रामुख्याने देशांच्या सीमा ओलांडणाऱ्या वस्तू, सेवा आणि भांडवल यांच्या मागणी-पुरवठ्यावर. केशकर्तन, घरभाडे, हमाली, भाजीवाल्याचे श्रम या सीमा न ओलांडणाऱ्या गोष्टींच्या किमती त्यात जेमतेम उमटतात. ही उणीव भरून काढण्यासाठी अर्थशास्त्रज्ञ क्रयशक्ती समता हे माप वापरतात. क्रयशक्ती समता म्हणजे वस्तू व सेवांची एकच टोपली वेगवेगळ्या देशांत घेण्यास प्रत्येक देशाच्या चलनात किती खर्च येतो हे पाहून ठरवलेला, बाजारातील विनिमय दराहून वेगळा असा रूपांतर-दर. जागतिक बँकेच्या आंतरराष्ट्रीय तुलना कार्यक्रमानुसार 2017 मध्ये डॉलरचा बाजारातील दर 65.12 रुपये असताना क्रयशक्तीनुसार तो 20.65 रुपये होता, म्हणजे अमेरिकेत एका डॉलरला मिळणाऱ्या वस्तू-सेवा भारतात सरासरीने 20 रुपये 65 पैशांत मिळत होत्या.

नाणेनिधीच्या त्याच 2020 च्या अंदाजात क्रयशक्तीनुसार दरडोई उत्पादन भारताचे 6,284 आणि बांगलादेशाचे 5,139 डॉलर दिले होते. हे चार आकडे एकत्र ठेवले की बातमीत न सांगितलेली गोष्ट दिसते. भारतात बाजार-दराच्या एका डॉलरमागे क्रयशक्तीचे सुमारे 3.35 डॉलर पडतात, बांगलादेशात 2.72, याचा अर्थ एकाच रकमेत भारतात सुमारे 23 टक्के अधिक वस्तू-सेवा घेता येत होत्या, किंवा उलट सांगायचे तर बांगलादेशातील किमतींची सर्वसाधारण पातळी भारतापेक्षा तितकी वर होती. लहान एककाचे चलन असलेला देश स्वस्त असणार, हा पहिला समज येथे आकड्यांनीच मोडतो. अर्थात 23 टक्के हा साऱ्या अर्थव्यवस्थेचा सरासरी आकडा आहे आणि कोणतेही कुटुंब सरासरी टोपली विकत घेत नाही; बाजरी व गहू खाणाऱ्या निफाड तालुक्यातील घराची आणि भात, मसूर व मासे खाणाऱ्या बांगलादेशच्या पाबना जिल्ह्यातील घराची टोपली वेगळी असते, आणि ज्याची टोपली ज्या देशात पिकते त्याला तो देश स्वस्त वाटतो.

स्वयंपाकाच्या गॅसचे उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे, कारण त्यात तुलनेच्या बहुतेक चुका एकाच जागी सापडतात. जानेवारी 2024 मध्ये बांगलादेशाच्या ऊर्जा नियामक आयोगाने घरगुती सिलिंडरची किंमत 1,433 टका ठरवली होती आणि भारतात त्याच महिन्यात दिल्लीत विनाअनुदान सिलिंडर 903 रुपयांना मिळत होता. टकाचे रुपयांत रूपांतर केले तर 1,433 टका म्हणजे सुमारे 1,085 रुपये होतात आणि बांगलादेशातील गॅस 20 टक्क्यांनी महाग दिसतो. परंतु बांगलादेशातील प्रमाणित सिलिंडर 12 किलोचा असतो आणि भारतातील 14.2 किलोचा, त्यामुळे किलोमागे हिशेब केल्यास तेथे सुमारे 90 रुपये आणि येथे 64 रुपये पडतात, म्हणजे खरा फरक 40 टक्क्यांच्या वर जातो. एवढ्यावर थांबले तरी चित्र अपुरेच राहते. ढाक्यात नैसर्गिक वायूची जुनी नळजोडणी असलेल्या, पण मीटर नसलेल्या घरांना जून 2022 पासून दोन शेगड्यांसाठी महिन्याला 1,080 टका इतके ठरीव शुल्क आहे, मग गॅस कितीही जळो, किंवा हिवाळ्यात दाब कमी होऊन जवळजवळ न जळो. एकाच शहरात, शेजारच्या दोन इमारतींत, इंधनाचा खर्च अशा रीतीने सर्वस्वी वेगळ्या नियमांनी ठरतो. भारताच्या बाजूचे 903 रुपयेही निव्वळ बाजारभाव नव्हते. उज्ज्वला योजनेच्या लाभार्थ्याला त्यावर 300 रुपये अनुदान मिळत होते आणि मार्च 2024 मध्ये सरसकट 100 रुपयांची कपात झाली. एखादी वस्तू आपल्याकडे स्वस्त आहे असे म्हणताना तिच्या किमतीचा किती भाग सरकारी तिजोरी भरते, हा प्रश्न सोयीस्करपणे विसरला जातो.

धान्याच्या बाबतीत हेच दिसते. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखालील प्राधान्य कुटुंबांना जानेवारी 2023 पासून माणशी महिना 5 किलो धान्य मोफत मिळते. बांगलादेशात इतक्या व्याप्तीची मोफत व्यवस्था नाही, पण तेथील सरकारी व्यापार महामंडळ 2022 पासून एक कोटी कुटुंबांना कार्डावर तेल, डाळ यांसारख्या वस्तू सवलतीने देऊ लागले. दुकानातील तांदळाचा भाव विचारून केलेली तुलना या दोन्ही गोष्टी वगळूनच झालेली असते.

आता मूळ विषयाकडे, म्हणजे कांद्याकडे. ढाक्यात किलोला 200 टका भाव असताना विंचूरच्या लिलावात क्विंटलला दोन-अडीच हजार रुपये मिळतात, म्हणजे मधला सगळा पैसा व्यापारी खातो, असा एक पक्का समज आहे. 200 टका म्हणजे 200 रुपये नव्हेत, 2023 च्या दराने ते सुमारे 150 रुपये होतात, ही दुरुस्ती सोपी आहे. त्यानंतर बारदान, हमाली, तोलाई, सुमारे दोन हजार किलोमीटरचे ट्रकभाडे, पेट्रापोल-बेनापोल, घोजाडांगा-भोमरा किंवा हिली येथील भूसीमेवरील थांबा, पलीकडच्या ट्रकमध्ये माल उतरवणे-चढवणे आणि या साऱ्यात होणारी घट हे खर्च येतात. मे 2020 मध्ये टाळेबंदीच्या काळात लासलगावहून थेट बांगलादेशातील दर्शना स्थानकापर्यंत कांद्याची मालगाडी गेली, ती याच वाटेला पर्याय म्हणून. तरीही या खर्चांनी भावातील सगळी तफावत भरून निघत नाही. उरलेली तफावत धोरणाची असते.

28 ऑक्टोबर 2023 रोजी भारताने कांद्यावर टनाला 800 डॉलर किमान निर्यात मूल्य लावले. किमान निर्यात मूल्य म्हणजे ज्याखाली परदेशी विक्रीचा सौदाच करता येत नाही अशी सरकारने घातलेली किमतीची मर्यादा. त्या वेळच्या दराने ही रक्कम किलोमागे सुमारे 67 रुपये, म्हणजे सुमारे 88 टका होते. शेतकऱ्याला लिलावात काहीही मिळो, भारतीय कांदा पलीकडे कायदेशीर मार्गाने 88 टकांच्या खाली उतरू शकत नव्हता, आणि तेथील आयातशुल्क, वाहतूक व किरकोळ नफा त्यावर चढणार होता. त्याआधी ऑगस्टमध्ये 40 टक्के निर्यातशुल्क लागले होते, ज्याच्या निषेधार्थ नाशिक जिल्ह्यातील लिलाव बंद पडले, आणि 8 डिसेंबरपासून तर निर्यातबंदीच आली. बंदीनंतर लगेच ढाक्यातील भाव किलोला 200 टकांच्या पुढे गेला आणि नाशिकच्या बाजारांत तो कोसळला. या काळातील दोन भावांची वजाबाकी करून ती कोणाचा तरी नफा म्हणून दाखवणे हा हिशेबाचा विपर्यास आहे, कारण रस्ता बंद असताना त्या रस्त्याने जाणाऱ्या मालावर कोणी नफा कमावत नाही. ज्यांचा माल आधीच पलीकडे गोदामात होता त्यांची चांदी झाली असेल. विंचूरच्या शेतकऱ्याला त्यातले काही मिळाले नाही.

त्याच डिसेंबरमध्ये बांगलादेशातील तयार कपडे उद्योगाचे किमान वेतन 8,000 वरून 12,500 टका झाले होते. महिन्याचे 26 कामाचे दिवस धरले तर हे रोजचे 480 टका होतात, म्हणजे 200 टका किलोच्या कांद्यासाठी आठ तासांच्या दिवसातील तीन तासांहून अधिक श्रम द्यावे लागत. महाराष्ट्रात रोजगार हमीचा त्या वर्षीचा दर दिवसाला 273 रुपये होता. किरकोळ कांदा समजा 50 रुपये धरला तर तो दीड तासाच्या श्रमात येत होता. कारखान्यातील शिलाई आणि रोजगार हमीचे खोदकाम ही एका जातीची कामे नव्हेत, हे खरे, पण श्रमाच्या तासांत मोजलेली किंमत चलनाच्या घोळातून तरी सुटते. भारताने 2019 मध्ये निर्यात रोखल्यावर तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना यांनी दिल्लीत येऊन आपण स्वयंपाक्याला कांदा न वापरण्यास सांगितल्याचे म्हटले, ते विनोदाच्या सुरात घेतले गेले. त्या नोव्हेंबरात त्यांच्या सरकारला विमानाने कांदा आणावा लागला होता.

यावरून बांगलादेश कांद्यासाठी सर्वस्वी भारतावर अवलंबून आहे, असा उलट गैरसमजही होऊ नये. पाबना, फरीदपूर आणि राजबाडी या जिल्ह्यांत तेथील गरजेचा मोठा भाग पिकतो. लहान कंद लावून घेतलेला मुरीकाटा कांदा डिसेंबर-जानेवारीत येतो आणि मुख्य पीक मार्च-एप्रिलमध्ये, म्हणजे नाशिकचा उन्हाळ कांदा निघण्याच्या सुमारास. दमट हवेमुळे साठवण अवघड असल्याने वर्षाच्या उत्तरार्धात तूट पडते आणि आयात तेव्हा लागते. स्वतःच्या शेतकऱ्याला भाव मिळावा म्हणून ढाकाही दार लावते : 2023 मध्ये मार्चच्या मध्यापासून 5 जूनपर्यंत तेथील कृषी खात्याने आयात परवाने थांबवले होते. फळांचेही तसेच, मे 2022 मध्ये तेथे आयात फळांवरील नियामक शुल्क, म्हणजे आयात आवरण्यासाठी मूळ शुल्कावर बसवलेला जादा कर, 3 वरून 20 टक्के करण्यात आले आणि नाशिकचे द्राक्ष तेथील ग्राहकासाठी महागले.

महागाईच्या दराविषयीचा गोंधळ थोडक्यात सांगता येतो. जुलै 2024 मध्ये बांगलादेशात महागाईचा दर 11.66 टक्के आणि भारतात 3.54 टक्के होता. हे आकडे किमती वर्षभरात किती वेगाने वाढल्या ते सांगतात, किमती किती उंचीवर आहेत ते सांगत नाहीत, आणि दर खाली आला म्हणजे वस्तू स्वस्त झाल्या असेही होत नाही.

1 एप्रिल 2025 पासून भारताने कांद्यावरील निर्यातशुल्क पूर्ण काढले आहे, त्यामुळे या व्यापारातील मोठा अडसर आता पलीकडच्या परवान्यांचा उरला आहे. साठवणीच्या चाळीत उन्हाळ कांदा राखून बसलेल्या विंचूरच्या शेतकऱ्याने ढाक्याचा किरकोळ भाव विचारण्याआधी तेथील आयात परवाने सुरू आहेत की बंद, एवढे विचारून घ्यावे.