खुराड्याला ऊब हवी, कोंडमारा नको!

तुळशीचं लग्न लागलं, की घरोघरी गोधड्या-स्वेटर बाहेर निघतात. लहानग्यांना कानटोपी, आजीला शाल, सगळ्यांची सोय होते. परसातल्या खुराड्याकडे मात्र लक्ष जातं ते एखाद्या सकाळी अंडी निम्मीच मिळाली की!

मैत्रिणींनो, चार-दहा कोंबड्या म्हणजे काही पोल्ट्री नव्हे, हे खरं. पण अंड्यांचे पैसे बहुतेक घरांत बाईच्याच हातात राहतात. मुलांच्या वह्या, भिशीचा हप्ता, कधी स्वतःला एखादी साडी. त्यासाठी कुणापुढे हात पसरावा लागत नाही. म्हणूनच थंडीत दोन कोंबड्या दगावल्या, तर बाकीच्यांना ते किरकोळ वाटतं, पण तिच्या जिवाला लागतं.

थंडीपेक्षा ओल वाईट

निफाडकडे डिसेंबर-जानेवारीत पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. मग आपण काय करतो? प्लॅस्टिकचा कागद आणतो आणि खुराडं चारी बाजूंनी, वरपासून खालपर्यंत गच्च बांधून टाकतो. वाटतं, आता कशी ऊब राहील! इथंच गणित चुकतं.

मोठ्या कोंबडीच्या अंगातली उष्णता असते साधारण ४१ अंश, म्हणजे आपल्यापेक्षा जास्त. पिसं फुलवून ती त्यात हवा धरून ठेवते. ही तिची स्वतःची गोधडीच म्हणा ना! कोरडी असेल आणि अंगावर वारा येत नसेल, तर आपल्याकडची थंडी ती सहज काढते. पण तिच्या श्वासातून रात्रभर वाफ बाहेर पडते आणि विष्ठेतही बराचसा भाग पाण्याचाच असतो. गच्च बांधलेल्या खुराड्यात ही ओल जाणार कुठं? सकाळी प्लॅस्टिकच्या आतून थेंब लोंबताना दिसले, तर समजा, रात्रभर कोंबड्या दमट हवेत बसल्या होत्या. त्यात विष्ठेतून अमोनिया सुटतो. त्यानं डोळे चुरचुरतात, छाती बिघडते आणि सर्दी-घरघर सुरू होते.

याची परीक्षा सोपी आहे. सकाळी दार उघडल्यावर लगेच खाली वाका, अगदी कोंबडीच्या उंचीपर्यंत. तुमचे डोळे झोंबले, तर तिचेही झोंबत असणार.

पडदा खालून वर

म्हणून पडदा बांधायचा तो जमिनीपासून वर. कोंबड्या बसतात त्या उंचीपर्यंत वारा पूर्ण अडवायचा आणि छपराखाली वीतभर फट मोकळी सोडायची. गरम, दमट हवा वर चढते आणि तिथून निघून जाते. त्या फटीला बारीक जाळी हवीच, नाहीतर मांजर-मुंगसाची चैन! पडद्याला गोणपाट उत्तम. प्लॅस्टिकच वापरायचं असेल, तर वरची फट बुजवू नका.

थंड वारा आपल्याकडे बहुधा उत्तर-ईशान्येकडून येतो. ती बाजू पक्की झाका. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून दक्षिणेचा पडदा दिवसा गुंडाळून ठेवा. ऊन आत आलं, की ऊबही मिळते आणि तूसही वाळतं. खुराडं नसेल, डालग्याखालीच कोंबड्या झाकत असाल, तर डालगं ओसरीवर घ्या. भोवतीनं गोणपाट गुंडाळा, वरचा भाग मोकळा राहू द्या.

खाली भाताचं तूस किंवा लाकडाचा कोरडा भुसा चार-सहा इंच पसरा. दोन-तीन दिवसांनी तो खालीवर करा आणि ओला झालेला भाग काढून टाका. बसायला जमिनीपासून दीड-दोन फुटांवर लाकडी दांडी द्या. ती थोडी रुंद असावी, म्हणजे कोंबडी पायांची बोटं पोटाखाली झाकून बसते.

एक गोष्ट मात्र कधीही करू नका. ऊब यावी म्हणून निखाऱ्याची शेगडी आत ठेवून दार लावायचं नाही. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला ना रंग, ना वास. पाखरं बसल्या जागी मरतात. आगीचा धोका वेगळाच.

पिल्लांची गोष्ट निराळी

पिल्लाच्या अंगावर नुसती लव असते, त्याला वरून ऊब लागतेच. खुडूक कोंबडीच्या पंखाखाली असतील, तर ती सगळं बघते. उबवणी केंद्रातून आणलेल्या पिल्लांना मात्र पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश ऊब हवी, पुढं दर आठवड्याला तीनेक अंशांनी कमी. हल्लीचा एलईडी दिवा उजेड देतो, ऊब फारशी देत नाही, हे लक्षात ठेवा. त्यासाठी जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब किंवा खास उबेचा दिवा लागतो. तो पक्का टांगा, तुसाला टेकता कामा नये. पिल्लांभोवती पत्र्याचा किंवा पुठ्ठ्याचा गोल करा. कोपरा असला, की एकमेकांच्या अंगावर चढून खालची गुदमरतात. दिव्याखाली गर्दी झाली तर थंडी वाजतेय, सगळी लांब पळाली तर फार गरम होतंय. सगळीकडं पसरून टिपत असतील, तर तुमचं बरोबर चाललंय!

अंडी का घटतात?

याला थंडीपेक्षा दिवस लहान होणं जास्त कारणीभूत आहे. कोंबडीला अंड्यासाठी १४ ते १६ तास उजेड हवा आणि डिसेंबरात आपला दिवस असतो जेमतेम ११ तासांचा. सुधारित जातीच्या कोंबड्या असतील, तर पहाटे एक छोटा दिवा लावा. इथं एलईडी चालतो. संध्याकाळी लावून एकदम बंद केला, तर अंधारात त्यांना दांडी सापडत नाही. गावठी कोंबडी वर्षाला ६० ते ८० अंडी देते. ती थोडी विसावली, तर विसावू द्या.

संध्याकाळी मूठ-मूठ मका किंवा बाजरी टाका. पोट भरलेलं असलं, की रात्रभर अंगात ऊब राहते. शिंपल्यांचा चुरा द्या, सकाळचं पाणी कोमट असू द्या. मानमोडीची, म्हणजे राणीखेतची लस वेळेवर टोचून घ्या.

आणखी एक. नवापूरला फेब्रुवारी २००६ मध्ये बर्ड फ्लू आला, परभणी जिल्ह्यात जानेवारी २०२१ मध्ये. दोन्ही वेळा हेच थंडीचे दिवस. कोंबड्यांचं खाणं-पाणी रानपाखरांना मिळेल असं उघड्यावर ठेवू नका. एकाएकी पाखरं मरू लागली, तर त्यांना हात लावू नका, कापून खाणं तर नकोच. लगेच सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

हे सारं जुनी गोणपाटं, थोडी सुतळी आणि पोतंभर तूस एवढ्यात होतं. एका दुपारचं काम! संक्रांतीनंतर दिवस तिळातिळानं वाढत जाईल आणि अंडीही पुन्हा वाढतील. तोवर फक्त खुराड्यात वारा शिरू देऊ नका आणि हवा कोंडू देऊ नका.