पाषाणावर कोरलेला पेशा

उस्मानी साम्राज्यातील थडग्यांचा विषय निघाला, की नक्षीदार शिळेचा मान केवळ सुलतान, वजीर आणि पाशा यांनाच मिळे, असा समज पुष्कळ सुशिक्षितांच्या ठायीही आढळतो. वस्तुतः इस्तंबूलच्या उस्कुदार भागातील काराजाअहमद किंवा एयूप येथील कबरस्तानांत, विशेषतः अठराव्या शतकापासून, रोटी भाजणारे, नावाडी आणि दुकानदार यांच्याही संगमरवरी शिळा उभ्या राहिल्या, आणि त्यांवर मृताच्या नावासोबत त्याचा पेशा बिनदिक्कत कोरला गेला. हातावर पोट असणाऱ्यांना एवढाही खर्च झेपत नसे, हे मात्र कबूल केले पाहिजे. मराठी वाचकास या पेशांची नावे परकी वाटू नयेत : तेथील हमाल, सराफ आणि बक्काल हे आपल्याकडील हमाल, सराफ आणि वाणी-बकालांचेच अरबीतून आलेले शब्दबंधू होत.

इस्लामात आकृतीचा निषेध असल्याने या शिळा अलंकारहीन असणार, हा दुसरा समज. मनुष्याकृती त्यांवर सहसा नाही हे खरे. परंतु पुरुषाच्या शिळेच्या माथ्यावर त्याच्या दर्जास साजेल असे पागोटे घडवलेले असल्याने ती दुरून उभ्या माणसासारखीच भासते. स्त्रियांच्या वाट्यास गुलाबपुष्पे, फळांनी भरलेली पात्रे, क्वचित गळ्यातली माळही येई. 1829 च्या पोशाखविषयक फर्मानाने सरकारी नोकरांच्या डोक्यावर फेज चढवली, आणि ती हळूहळू थडग्यांवरही उतरली. त्यामुळे केवळ शिरोभूषण पाहून शिळेच्या काळाचा अदमास बांधता येतो. शिंप्याच्या कातरकामाइतकाच हा पाथरवटाचा व्यवहारही चालू रिवाजाच्या ताब्यात होता, असे मला वाटते.

लिपीवरून मृताची भाषा ओळखता येते, हा समज तर सर्वांत फसवा. शहराच्या जुन्या तटाबाहेर बालिक्ली येथील ग्रीक ऑर्थोडॉक्स देवळाचे आवार जुन्या थडग्यांच्या शिळांनीच फरसबंद केलेले असून, त्यांपैकी अनेकींवरील अक्षरे ग्रीक, पण भाषा तुर्की आहे. ही अनातोलियातून आलेल्या करामानली ख्रिस्ती लोकांची रीत. त्यांच्या शिळांवर मृताच्या धंद्याच्या खुणाही कोरलेल्या आढळतात.

मुसलमानांच्या शिळा मात्र अरबी लिपीत आहेत, आणि 1928 साली तुर्कस्तानने ती लिपी टाकून रोमन वर्णमाला स्वीकारल्यामुळे, आपला पणजोबा नावाडी होता की रोटीवाला, हे त्याच्याच शिळेवरून वाचण्यासाठी आज इस्तंबूलच्या रहिवाशास जाणकाराची मदत घ्यावी लागते.